उलटं घड्याळ

हेमांगीचा फोन आला तेव्हा साडेसहा.
शटर अर्धं ओढलेलं,
रावपुऱ्यात टॉवरखाली स्कूटरींची गर्दी.
तिथे सकाळचे नऊ.
"बाबा, आज सुट्टी आहे. आज तुम्हाला ला पाझ दाखवते.
ते भिंग काढा आधी डोळ्यावरचं."

पहिल्यांदा दिसलं ते भिंगातूनच,
एखाद्या चाकाच्या दाताएवढं शहर.
मग काढलं.

कटोरा नुसता. कडेकडेनं घरं चिकटलेली,
उघड्या विटांची, तळापर्यंत.
मागे बर्फाचा एक डोंगर,
कुणी ठेवून विसरल्यासारखा.
वर गरीब राहतात, ती म्हणाली, खाली पैसेवाले,
खाली हवा जास्त असते.
विश्वामित्री चढते तेव्हा आपल्याकडे खाली कोण असतं
ते तिला सांगायला नको.

घरी गेलो तर कुमुदही येऊन बसली, हातात निवडायची मेथी.
तारेवरून लोंबत पाळणा निघाला,
लाल, मग पिवळा,
छपरांवरचे वाळत घातलेले कपडे पायाखालून गेले.
"अगंबाई, पावागडचा उडनखटोला!"
"आई, मी रोज ऑफिसला यातूनच जाते."
"आणि देवी?"
"देवी नाही. वर बाजार आहे."

चौकात झेब्र्याचं सोंग घेतलेली पोरं
म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून देत होती.
मंगळबाजारला दोन पाठव म्हणावं, कुमुद म्हणाली.
गोल हॅट घातलेल्या, दोन वेण्यांच्या बायका.
एका गल्लीत टांगलेली, वाळलेली, लामाची पिल्लं,
घर बांधताना पायात पुरायला.
कुमुदनं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं म्हणाली,
आपल्याही पायात चांदीचा नाग आहेच.

मग कबुतरांनी भरलेला चौक,
आणि वर, सरकारी इमारतीच्या कपाळावर
घड्याळ.
"बघा."
बाराच्या डावीकडे एक.
मला वाटलं, फोननं चित्र उलटं केलंय.
"नाही बाबा, काटेच तसे फिरतात.
दक्षिणेत सावली अशीच फिरते ना,
म्हणून यांचं घड्याळही यांच्या सावलीचं."

मी हसलो नाही.
माझ्या फडताळात तसं एक आहे.
ब्याण्णव साली लल्लुभाई वाळंदनं सांगून करवून घेतलेलं,
आरशात बघणाऱ्या गिऱ्हाइकाला वेळ सरळ दिसावी म्हणून.
एक चाक जास्तीचं घातलं, बस्स.
डायल हेमांगीनं रंगवली होती, सात वर्षांची,
आणि पुढे महिनाभर शाळेत तीनचा आकडा उलटा काढून
मार खाल्ला होता.
लल्लुभाई आज आपीश, काले आपीश म्हणत राहिला,
मग दुकानच उठलं. घड्याळ राहिलं माझ्याकडे.

कुमुद झोपली. तिथे दुपार.
हेमांगी पायऱ्या चढत होती,
बोलता बोलता थांबत होती.
"हवा विरळ आहे ना."
चाळीस वर्षं मी कानानं ओळखत आलोय
कुठलं चाक कुठे अडतंय.
गेल्या खेपेला फोन दुसऱ्याच्या हातात असायचा,
ती चौकटीत यायची, मागे डोंगर, केस उडताहेत,
कुणीतरी फोनमागून हसायचं.
आज साडेआठ तास
नुसतं शहर दिसलं.

"आता जरा स्वतःला दाखव," मी म्हणालो.
चित्र हललं, आभाळ, एक विजेची तार, हनुवटी,
आणि ती.
रडलेली नव्हती. दमलेली होती.
आम्ही काहीच बोललो नाही.
मी उठून फडताळ उघडलं,
लल्लुभाईचं घड्याळ काढलं, चावी दिली,
फोनपुढे धरलं.
अडखळलं, मग लागलं चालायला
डावीकडे.
"तीन बघा," ती म्हणाली. "किती वाकडा काढलाय मी."

दूधवाल्याची बेल वाजली तेव्हा फोन बंद होऊन तास झाला होता.
कुमुद उठली. केस बांधता बांधता म्हणाली,
"जेवली का ती रात्रीची?"
"जेवेल आता," मी म्हणालो.
"तिथं अजून कालच आहे."